डोळ्यांतील भिंग : सवय आणि सोसणें

गेल्या महिन्यांत माझी भाची चार दिवस आमच्या घरीं राहावयास आली होती. चवथीच्या वर्गापासून तिच्या नाकावर चष्मा आहे. आतां महाविद्यालयांत गेल्यावर तिनें प्रथमच कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या होत्या. सकाळीं साबणानें हात धुऊन, ते कोरडे करून ती आरशापुढें बसली, पाण्याच्या थेंबासारखें दिसणारें तें इवलेंसें भिंग तिनें बोटाच्या टोंकावर घेतलें, आणि पुढचीं वीस मिनिटें ती व तिची पापणी यांच्यामध्यें एक लहानसें युद्धच चाललें. बोट जवळ आलें कीं पापणी मिटे. पापणी वर धरली कीं बुबुळ दुसरीकडे पळे. आणि सर्व जमलें असें वाटावें तों भिंग गालावर येऊन पडे. अखेर तें जागेवर बसलें, आणि भरल्या डोळ्यांनीं माझ्याकडे पाहत ती म्हणाली, "मामा, याची सवय होते असें सगळे सांगतात. पण सवय झाली हें ओळखायचें कसें? आणि सवय न होतां नुसतें सोसणेंच होत असलें तर?"

श्रोतेहो, तिचा हा प्रश्न मला भाबडा वाटला नाहीं. एखाद्या वस्तूची सवय झाली असें आपण म्हणतों, तेव्हां आपलें शरीर तिच्याशीं खरोखर जुळलेलें असतें, कीं त्यानें केवळ तक्रार करणें सोडून दिलेलें असतें? हा भेद आयुष्यांतील अनेक व्यवहारांत महत्त्वाचा आहे. परंतु डोळ्यावर ठेवावयाच्या भिंगाच्या इतिहासांत तो जितका स्पष्ट उमटला आहे तितका दुसरीकडे क्वचितच आढळेल. आज तोच इतिहास आपल्यापुढें थोडक्यांत मांडावा असा विचार आहे.

प्रथम डोळ्याची रचना लक्षांत घेऊं. बुबुळाच्या पुढें घड्याळाच्या कांचेसारखें एक पारदर्शक, घुमटाकार कवच असतें. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याचा व्यास बारा मिलिमीटरांच्या आसपास, आणि मध्यभागीं जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. डोळ्यांत येणाऱ्या प्रकाशाला वांकविण्याचें बहुतेक काम हेंच कवच करतें. तें निर्मळ राहिलें पाहिजे म्हणून निसर्गानें त्यांत रक्तवाहिन्या ठेवलेल्या नाहींत. मज्जातंतूंची दाटी मात्र अशी ठेवली आहे कीं धुळीचा एक कण पडला तरी मनुष्याला दुसरें कांहीं सुचूं नये. रक्त मुळींच नाहीं आणि संवेदना अपार, या दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पुढील सारी कथा त्यांच्यावरच उभी आहे.

पुष्कळ लेखक या कथेचा आरंभ लिओनार्दो दा व्हिंची याच्यापासून करतात. १५०८ च्या सुमारास त्यानें काढलेल्या आकृत्यांत पाण्यानें भरलेल्या पात्रांत तोंड बुडवून पाहणारा मनुष्य आहे खरा. परंतु डोळा कसा पाहतो हें समजून घेणें एवढाच त्यामागील हेतु होता, कोणाची दृष्टि सुधारण्याचा नव्हे. १६३७ सालीं फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानें पाण्यानें भरलेली नळी डोळ्यास लावण्याची कल्पना मांडली; पण नळी लावून पापणी मिटतां येत नाहीं, आणि ज्या साधनानें पापणी मिटतां येत नाहीं तें घेऊन मनुष्य दोन पावलेंहि चालूं शकत नाहीं. १८०१ सालीं इंग्लंडांत थॉमस यंग यानें आपला प्रबंध प्रसिद्ध केला. लहानशा सूक्ष्मदर्शकांतील भिंग एका आंखूड नळीला मेणानें बसवून, तींत पाणी भरून, त्यानें ती स्वतःच्या डोळ्यास लावली होती. जवळचें पाहतांना डोळ्यांत होणारा फेरफार पारपटलाचा नसून आंतील भिंगाचा आहे, हें त्याला सिद्ध करावयाचें होतें. पुढें १८२७ च्या सुमारास ज्योतिर्विद जॉन हर्शेल यानें प्रकाशावरील आपल्या प्रबंधांत असें सुचविलें कीं, पारपटल खडबडीत असेल तर त्यावर कांचेचें कवच ठेवून मधली पोकळी पारदर्शक अशा मऊ पदार्थानें भरावी, आणि शक्य झाल्यास पारपटलाचा सांचा घ्यावा. कल्पना अचूक होती. पण जाग्या, धडधाकट मनुष्याच्या उघड्या डोळ्याचा सांचा घ्यावयाचा कसा?

या अडचणीचें उत्तर १८८४ सालीं मिळालें. व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनें दाखवून दिलें कीं, कोकेनच्या द्रावणाचे थेंब डोळ्यांत घातले असतां डोळा कांहीं वेळ बधिर होतो. नेत्रशस्त्रक्रियेचें युग या शोधानें बदललें. परंतु आपल्या कथेच्या दृष्टीनें त्यांत एक सूचक गोष्ट आहे. डोळ्यावर भिंग ठेवण्याचा उद्योग सुरू झाला तो डोळ्याची तक्रार प्रथम बंद करून. डोळा कां तक्रार करतो हा प्रश्न पुष्कळ मागाहून आला.

चारच वर्षांनीं, १८८८ सालीं, स्वित्झर्लंडांतील झ्यूरिच येथें काम करणाऱ्या अडोल्फ ऑयगेन फिक या जर्मन नेत्रवैद्यानें आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यानें प्रथम सशांच्या डोळ्यांवर कांचेचीं कवचें बसवून पाहिलीं, मृत मनुष्यांच्या डोळ्यांवरून प्लॅस्टरचे सांचे घेतले, येना येथील अर्न्स्ट आबे या विख्यात प्रकाशशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें कांचेचीं भिंगें तयार करविलीं, आणि तीं स्वतःच्या व नंतर कांहीं रुग्णांच्या डोळ्यांवर ठेविलीं. हें कवच आजच्यासारखें लहान नव्हतें. तें डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकलेलें असे, आणि पारपटल व कांच यांच्यामध्यें द्राक्षशर्करेचें सौम्य द्रावण भरलेलें असे. असें भिंग फार तर दोन तास सहन होई. फिकचें मोठेपण असें कीं यशाबरोबर त्यानें अपयशहि टिपून ठेविलें. कांहीं वेळानें डोळा लाल होतो, पारपटल धुरकट होतें, दृष्टीपुढें धुक्याचा पडदा येतो, हें त्यानें नमूद केलें. तो पडदा कशाचा याचा उलगडा मात्र त्याला झाला नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. फिकच्याच घराण्याकडे आपल्याला पुन्हां यावयाचें आहे.

त्याच वर्षीं पॅरिसमध्यें युजेन काल्ट यानेंहि पारपटल शंकूसारखें पुढें येण्याच्या विकारावर कांचेचीं कवचें वापरलीं. त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १८८७ सालीं, जर्मनीतील वीस्बाडेन येथें कांचेचे कृत्रिम डोळे बनविणाऱ्या म्युलर कुटुंबानें एका रुग्णासाठीं पातळ कांचेचें कवच फुंकून दिलें होतें. कर्करोगामुळें त्या माणसाच्या पापणीचा भाग काढून टाकावा लागला होता, आणि उघडा डोळा सुकून जाण्याची भीति होती. त्या मनुष्यानें तें कवच सुमारें वीस वर्षें वापरलें, आणि डोळा वांचला. फुंकलेली कांच कांठाशीं गुळगुळीत असल्यानें घांसून केलेल्या कांचेपेक्षां ती डोळ्याला कमी बोंचे. एका कारागिराच्या श्वासानें जें साधलें, तें पुष्कळ गणितानें साधलें नव्हतें.

आतां याच आडनांवाच्या, पण या कुटुंबाशीं संबंध नसलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतों. ती मला या सर्व इतिहासांत अधिक हृद्य वाटते. आउगुस्ट म्युलर हा कील विद्यापीठांत वैद्यक शिकत होता. त्याची लघुदृष्टि फार तीव्र, सुमारें उणें चौदा नंबराची होती. म्हणजे चष्मा काढला कीं हाताच्या अंतरावरचा चेहराहि त्याला ओळखतां येत नसे. डोळ्यावरचें भिंग हा त्याच्यासाठीं केवळ संशोधनाचा विषय नव्हता; ती त्याची स्वतःची गरज होती. त्यानें बर्लिनच्या एका कारागिराकडून कांचेचीं भिंगें घांसून घेतलीं, डोळ्यांत कोकेन घातलें, आंत हवेचा बुडबुडा राहूं नये म्हणून पाण्यांत तोंड बुडवून भिंग बसविलें. दृष्टि लख्ख झाली! पण अर्ध्या तासापलीकडे त्याला तें सोसेना. १८८९ सालीं पदवीसाठीं लिहिलेल्या प्रबंधांत त्यानें हें सर्व, यश आणि वेदना दोन्ही, प्रामाणिकपणें मांडलें. पुढें नेत्रविद्येचा मार्ग सोडून तो अस्थिव्यंगांवर उपचार करणारा वैद्य झाला. ज्याला सर्वांत अधिक गरज होती, आणि ज्याच्या अंगीं सोसण्याची तयारीहि होती, त्याच्यानें अर्धा तास निघाला नाहीं. तेव्हां दोष धीराचा नव्हता, हें उघड आहे. परंतु हें उघड सत्य ओळखण्यास पुढें साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

त्या काळांत प्रयत्न थांबले होते असें मात्र नाहीं. बुडापेस्ट येथील योझेफ डालोस यानें जिवंत डोळ्याचे सांचे घेऊन प्रत्येकाच्या डोळ्याबरहुकूम कांचेचीं कवचें घडविण्याची कला पूर्णत्वास नेली, आणि १९३७ सालीं ती लंडनला नेली. १९३८ च्या सुमारास अमेरिकेंत व हंगेरींत कांचेऐवजीं आपण ज्याला ऍक्रिलिक म्हणतों तें पारदर्शक प्लॅस्टिक वापरण्यास आरंभ झाला. तें हलकें, न फुटणारें, आणि घडविण्यास सोपें. भिंगाचें माप अचूक झालें, वजन घटलें, कांठ गुळगुळीत झाले. तरीहि कांहीं तासांनीं तो धुक्याचा पडदा येईच. दिव्याकडे पाहिलें कीं त्याभोंवतीं इंद्रधनुष्याचें कडें दिसे. सॅटलर या जर्मन नेत्रवैद्याच्या नांवावरून त्याला 'सॅटलरचा पडदा' असें नांवहि मिळालें. रोगाला नांव मिळालें कीं तो समजला असें मनुष्याला वाटूं लागतें. येथें तेंच झालें. कोणी दोष मधल्या द्रवाला देई, कोणी मापाला. भिंग वापरणाऱ्याला मात्र एकच उपदेश मिळे: आज एक तास घाला, उद्यां दोन तास घाला, डोळ्याला सवय होईल.

१९४० नंतरच्या दशकांत लंडनमध्यें कवचाला एक बारीक भोंक पाडून पाहण्यांत आलें, आणि वापरणारे अधिक तास निभावूं लागले. १९४८ सालीं लॉस अँजेलिसच्या केव्हिन ट्युओही यानें केवळ पारपटलावर बसणाऱ्या छोट्या प्लॅस्टिक भिंगाच्या पेटंटासाठीं अर्ज केला. मोठें कवच यंत्रावर घडवितांना त्याचा बाहेरचा कांठ तुटला, आणि उरलेला मधला तुकडा त्यानें डोळ्यावर ठेवून पाहिला, अशी कथा सांगतात. भिंग लहान झालें, अश्रूंवर तरंगूं लागलें, आणि पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर त्याच्याखालीं ताजे अश्रु खेळूं लागले. वापराचे तास आणखी वाढले. भोंक पाडलें तरी सुधारणा होते, भिंग लहान केलें तरी होते; मग या दोहोंत सारखें असें काय आहे?

उत्तर १९५२ सालीं न्यूयॉर्कमध्यें मिळालें. स्मेलसर आणि ओझॅनिक्स या संशोधकांनीं एक साधा पण मर्मभेदी प्रयोग केला. त्यांनीं माणसांच्या डोळ्यांवर भिंग ठेवलेंच नाहीं. हवाबंद चष्मा बसवून त्यांतून ओलसर नायट्रोजन खेळविला, म्हणजे डोळ्याला सर्व कांहीं मिळे, फक्त प्राणवायु मिळत नसे. आणि काय आश्चर्य! डोळ्याला कशाचाहि स्पर्श नसतां तोच पडदा आला, दिव्याभोंवतीं तींच कडीं दिसूं लागलीं. पारपटलांत रक्त नाहीं, म्हणून तें आपला प्राणवायु सरळ हवेंतून, अश्रूंच्या पातळ थरांतून घेतें. भिंगानें तें दार बंद होत होतें. फिकनें १८८८ सालीं पाहिलेलें धुकें, म्युलरला न सोसलेला अर्धा तास, यांमध्यें बोंचणें होतेंच. पण त्या बोंचण्याच्या आड गुदमरणें होतें.

आतां फिकच्या घराण्याकडे वळूं. आपल्या नेत्रवैद्याचा चुलता, ज्याचेंहि नांव अडोल्फ फिकच, हा थोर शरीरशास्त्रज्ञ होता. पुतण्याच्या लहानपणींच वडील वारले, आणि या चुलत्यानें त्याला वाढविलें. १८५५ सालीं या चुलत्यानें विसरणाचा नियम मांडला. एखादा पदार्थ एका थरांतून पलीकडे किती वेगानें झिरपतो हें त्या नियमानें काढतां येतें. आज कोणत्याहि भिंगांतून डोळ्याला किती प्राणवायु मिळतो याचें गणित त्याच नियमावर चालतें. पुतण्याला जो पडदा उलगडला नाहीं त्याची किल्ली घरांतच, तीस वर्षें आधीं कागदावर उतरलेली होती. पण ही किल्ली त्या कुलपाची आहे, हें त्या काळीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नाहीं.

माझ्या भाचीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळालें. उरलेलें अर्धें याहून विलक्षण आहे. ट्युओहीच्या धर्तीचीं कठीण भिंगें पुढें लाखों लोकांनीं वापरलीं, आणि कांहीं आठवड्यांत त्यांना खरोखरच 'सवय' झाली. तें प्लॅस्टिक तर प्राणवायूला जवळजवळ अभेद्य; डोळ्याला मिळे तो अश्रूंबरोबर येणारा अल्पसा वांटा. मग सवय झाली ती कशाची? १९७० नंतरच्या दशकांत मिशेल मिलोडो यानें पारपटलाची संवेदना मोजून दाखविलें कीं, वर्षानुवर्षें अशीं भिंगें वापरणाऱ्यांच्या पारपटलाची संवेदना मंदावत जाते. पापणीचा कांठ भिंगाच्या स्पर्शाला सरावतो, ही निरुपद्रवी सवय तर होतेच. पण तिच्या जोडीला पहारेकऱ्याचे डोळेहि मिटूं लागलेले असत. कोलरच्या कोकेननें जें कांहीं मिनिटांत होई, तेंच येथें कांहीं अंशानें वर्षांच्या गतीनें होत होतें.

या कथेला निराळें वळण मिळालें तें चेकोस्लोव्हाकियांत. प्राहा येथील रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टरले आणि त्याचा सहकारी द्राहोस्लाव्ह लीम यांनीं पाणी शोषून मऊ होणारा एक पारदर्शक पदार्थ तयार केला, आणि १९६० सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. डोळ्याला वस्तूशीं जुळवून घ्यावयास लावण्याऐवजीं वस्तूच डोळ्यासारखी ओलसर व मऊ करावी, हा विचार त्यामागें होता. विख्टरलेला राजकीय कारणांवरून १९५८ सालीं प्राध्यापकपद सोडावें लागलें होतें. पुढें भिंगांच्या कामाचा सरकारी पाठिंबाहि काढून घेण्यांत आला. तेव्हां १९६१ च्या नाताळांत त्यानें घरींच, मुलांच्या 'मेर्कुर' नांवाच्या खेळण्यांतील पट्ट्या व चाकें, सायकलचा डायनॅमो आणि दारावरच्या घंटेचा ट्रान्सफॉर्मर जोडून एक यंत्र उभें केलें, आणि फिरत्या सांच्यांत द्रव ओतून पहिलीं मऊ भिंगें काढलीं. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें १९७१ सालीं मऊ भिंगांना मान्यता दिली. तीं पाण्यानें भरलेलीं असल्यामुळें त्या पाण्यांतून थोडा प्राणवायु झिरपे. पण झोपेंत वापरण्यास तो पुरेसा नव्हता. १९९८ नंतर बाजारांत आलेल्या सिलिकॉनयुक्त भिंगांनीं तें दार पुष्कळ अंशीं उघडलें. असा हा शंभरांहून अधिक वर्षांचा प्रवास आहे. आणि त्यांतील खरीं पावलें, डोळ्याची तक्रार ऐकून घेण्यांत आली तेव्हांच पुढें पडलीं.

आतां शेवटचें. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं माझी भाची परत आली तेव्हां तिचा उजवा डोळा लालबुंद झाला होता. मैत्रिणीच्या घरचें लग्न होतें. सांगितलेल्या चार तासांच्या जागीं तिनें अकरा तास लेन्स ठेवल्या होत्या. "जळजळ दुपारपासूनच होती," ती म्हणाली, "पण म्हटलें, सोसलें तरच सवय होईल." मीं तिला प्रथम लेन्स काढावयास लाविल्या, आणि मग आउगुस्ट म्युलरची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशीं नेत्रवैद्यांनीं तपासलें. उजव्या डोळ्यावरचें भिंग जरा घट्ट बसत होतें, पापणी मिटतांना जेवढें हलावयास हवें तेवढें हलत नव्हतें. त्यांनीं डोळा पूर्ण निवळेपर्यंत चष्मा वापरण्यास सांगितलें, आणि नंतर दुसऱ्या मापाचें भिंग दिलें. तें मात्र तिला चार दिवसांत असें जुळलें कीं डोळ्यांत कांहीं आहे याची तिला आठवणहि राहत नाहीं.

तेव्हां नव्यानें लेन्स घेणाऱ्या तरुण श्रोत्यांना एवढेंच सांगावयाचें आहे. पहिल्या दिवसांत पापणी फडफडेल, कांठ जाणवेल, थोडें पाणी येईल. हें परकेपण रोज कमी होत जातें, आणि तीच खरी सवय. पण जें दिवसेंदिवस कमी न होतां तासागणिक वाढत जातें, ती वेदना असो, लाली असो, धुकें असो किंवा दिव्याभोंवतीचें कडें असो, तें सवयीच्या वाटेवरचें नव्हे. अशा वेळीं भिंग काढावें, चष्मा लावावा, आणि डोळा नेत्रवैद्यांना दाखवावा. नळाचें पाणी भिंगाला लावूं नये, आणि वैद्यांनीं सांगितल्याशिवाय तें घालून झोपूं नये. माझी भाची आतां रोज आरशांत डोळ्याची लाली पाहूनच लेन्स घालते, आणि चष्मा पिशवींत ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीं.